टॉमकॅटवरील एक्सविकी

एक्सविकी ही जावामध्ये लिहिलेली, एलजीपीएल परवान्याखाली सर्वांना खुली असलेली विकी आज्ञावली. लुडोव्हिक द्युबो यांनी ती २००३ मध्ये सुरू केली. तिची वॉर फाइल अपाची टॉमकॅटसारख्या सर्व्हरवर ठेवून डेटाबेस जोडला की विकी उघडते. ती संथ वाटू लागली की बहुतेक ठिकाणी पहिला उपाय म्हणून मेमरी वाढवली जाते. हे उलट्या टोकाने सुरू करणे झाले. विकीतले पान क्वचित लिहिले जाते आणि वारंवार वाचले जाते, म्हणून एकदा झालेले काम पुन्हा करावे लागू नये, याची सोय आधी हवी. पीएचपीवर चालणाऱ्या मीडियाविकीत विनंती संपताच तिच्यासाठी उभे केलेले ऑब्जेक्ट पुसले जातात. टॉमकॅटवर ते पुढच्या वाचकासाठी हाताशी राहू शकतात. जावा सर्व्हर निवडण्याचे हेच मोठे कारण. बारीकसारीक बदलासाठी सर्व्हर बंद-चालू करत राहिले तर हा लाभ हातचा जातो, कारण कॅशे रिकामा होतो आणि जेआयटी कंपायलरलाही सारे पहिल्यापासून करावे लागते.

पान दाखवताना एक्सविकी ते हायबरनेटमार्फत डेटाबेसमधून आणते, त्यातले मॅक्रो आणि व्हेलॉसिटी स्क्रिप्ट चालवते आणि मग एचटीएमएल तयार करते. आणलेली पाने ठेवणाऱ्या कॅशेची मूळ मर्यादा ५०० आहे. विकीत रोज वाचली जाणारी पानेच काही हजार असतील, तर ती एकमेकांना बाहेर ढकलत राहतात आणि डेटाबेसच्या फेऱ्या संपत नाहीत. येथे आकडा वाढवणे रास्त आहे. थ्रेडचे तसे नाही. टॉमकॅट मुळात २०० थ्रेडपर्यंत जातो, तर एक्सविकीच्या सोबतच्या हायबरनेट मांडणीत डेटाबेस जोडण्या ५०. सर्वांना एकाच वेळी डेटाबेस लागला तर १५० थ्रेड नुसते ताटकळतात. थ्रेड आणखी वाढवले, तर रांग तेवढी लांबते.

मेमरी स्वस्त आहे, मग जावाला दिलेला मेमरीचा भाग, म्हणजे हीपच, मोठा का करू नये, असा आक्षेप घेतला जातो. हीप अपुरा असेल तर तो वाढवलाच पाहिजे. पण एक्सविकीचा शोध सोलरवर, म्हणजे ल्युसीनच्या निर्देशांकांवर चालतो, आणि ते वेगाने वाचता यावेत यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमकडे मोकळी मेमरी उरावी लागते. ती सगळी हीपने गिळली तर पान चटकन उघडेल, शोध मात्र रखडेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तयार एचटीएमएल पुढच्या प्रॉक्सीतच का साठवू नये? सर्वांना सारख्याच दिसणाऱ्या, लॉगिनशिवायच्या विकीत हे चालते. परंतु एक्सविकीत प्रत्येक पानाला वेगळे अधिकार देता येतात, मेनूही वाचकागणिक बदलतो. अशी पाने सरसकट साठवली तर एकाचे पान दुसऱ्याच्या पुढ्यात येईल. म्हणून चित्रे, सीएसएस, जावास्क्रिप्ट प्रॉक्सीकडे द्यावी, आणि पानातला जो जड भाग सर्वांना सारखाच दिसतो तेवढाच कॅशे मॅक्रोत ठेवावा.

हे निर्देशांक आणि जोडफायली ठेवण्याच्या कायमस्वरूपी डिरेक्टरीची नोंद मांडणीत केली नाही, तर एक्सविकी तात्पुरत्या डिरेक्टरीचा आधार घेते. ती साफ झाली की निर्देशांक जातात आणि सारी पाने पुन्हा अनुक्रमित करावी लागतात. तिथे ठेवलेल्या जोडफायली मात्र परत मिळत नाहीत. मराठी विकीसाठी आणखी एक गोष्ट पाहावी लागते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचे, पत्त्यात ते ९ अक्षरांचे होते. म्हणजे ‘महाराष्ट्र’ एवढ्या शीर्षकाची ९० अक्षरे. टॉमकॅट ८ पासून पत्ते मुळातच यूटीएफ-८ मानले जातात. टॉमकॅट ७ वर ती सूचना कनेक्टरमध्ये स्वतः लिहावी लागे, अन्यथा मराठी शीर्षकाचा पत्ता चुकीचा वाचला जाई आणि असलेले पानही सापडत नसे.