गोव्यात छापलेला औषधग्रंथ

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात जोआनेस द एन्देम या मुद्रकाच्या छापखान्यातून एक पोर्तुगीज पुस्तक बाहेर पडलं. भारतातली औषधी द्रव्यं, मसाले आणि फळं यांविषयीचे जवळपास साठ संवाद त्यात आहेत. नाव लांबलचक असल्यामुळे अभ्यासक त्याला थोडक्यात 'कोलोकियुश', म्हणजे 'संवाद', म्हणतात. भारतात छापलेल्या शास्त्रीय ग्रंथांपैकी आज ज्ञात असलेला हा सर्वांत जुना ग्रंथ.

लेखक गार्सिया द ऑर्ता हा पेशानं वैद्य. जन्म पोर्तुगालमधल्या कॅश्तेलु द व्हिद या गावी, स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या आणि पुढे सक्तीनं ख्रिस्ती केल्या गेलेल्या एका ज्यू कुटुंबातला. सालामांका आणि अल्काला इथं तो वैद्यक शिकला, लिस्बनच्या विद्यापीठात त्यानं शिकवलंही. १५३४ मध्ये मार्तिम अफोंसो द सोझा या पोर्तुगीज सरदाराबरोबर तो गोव्याला आला आणि मरेपर्यंत इथंच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ऊठबस होती. रोगांची आणि औषधांची अरबी नावं सुलतानानं त्याला सांगायची आणि त्यानं सुलतानाला लॅटिन नावं सांगायची, अशी देवाणघेवाण चाले. पुढे मुंबई बेटच त्याला पोर्तुगीज राजाकडून खंडानं मिळालं.

पुस्तकाचं खरं वैशिष्ट्य त्याच्या मांडणीत आहे. स्पेनहून नुकताच आलेला रुआनो हा काल्पनिक वैद्य प्रश्न विचारतो आणि ऑर्ता उत्तरं देतो. रुआनोला ग्रीक आणि अरबी ग्रंथ पाठ आहेत. डायोस्कोरिडीसनं असं लिहिलंय, गेलेननं तसं सांगितलंय, हा त्याचा धोशा. ऑर्ता त्याला पुन्हा पुन्हा एकच सांगतो: त्यांनी ही झाडं पाहिली नव्हती, मी पाहिली आहेत. गेलेनच्या शब्दाबाहेर जाणं ज्या काळी वैद्याला महागात पडे, त्या काळी हे छापणं सोपं नव्हतं.

पण ऑर्तानं पाहिलं ते एकट्यानं नव्हे. हे संवाद त्याच्या गोव्यातल्या घरात घडतात आणि त्या घरात माणसांची सतत ये-जा आहे. आंतोनिया नावाची दासी औषधी आणून दाखवते. मालुपा नावाचा हिंदू वैद्य चर्चेत येतो. आंब्याच्या संवादात मुंबईहून ऑर्ताचा माणूस आंबे घेऊन दारात हजर होतो, आणि आपल्या त्या बेटावरचं एक झाड वर्षातून दोनदा फळतं असं ऑर्ता कौतुकानं सांगतो. हिंगाबद्दल तो लिहितो की या देशात औषधात आणि जेवणात एवढं वापरलं जाणारं दुसरं द्रव्य नाही. भांग, अफू, धोतरा, विडा, फणस, वेलदोडा अशा रोजच्या वस्तूंची रंग, वास, चव, भाव आणि कुठून येतात या तपशिलांसह तो नोंद करतो.

पटकीवरचा संवाद तर मुद्दाम वाचावा असा आहे. बोलणं चालू असतानाच एका रोग्याच्या घरून बोलावणं येतं. ऑर्ता जाऊन येतो आणि पाहिलेलं सांगतो: नाडी जवळजवळ लागत नाही, अंग गार, घामही गार, डोळे खोल गेलेले, तहान अनावर, उलट्या आणि जुलाब, मग पायांत गोळे. बहुतेक रोगी दिवसभरात जातात, काहींना तर दहा ताससुद्धा मिळत नाहीत. युरोपीय वैद्यकाच्या वाङ्मयात आशियातल्या पटकीचं हे अगदी सुरुवातीचं तपशीलवार वर्णन. 'मोडशी' या आपल्या शब्दाचं पोर्तुगीज कानांनी ऐकलेलं रूपही तिथं नोंदलेलं आहे. रोगी पाहून ऑर्ता थांबत नाही. इथले वैद्य काय करतात तेही लिहितो. मिरी आणि जिरं घातलेली तांदळाची पेज ते पाजतात, आणि पायांना तापल्या लोखंडाचा डागही देतात. पटकीत शरीरातून गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणं हाच जीव वाचवणारा उपाय, हे सिद्ध व्हायला विसावं शतक उजाडलं. डाग कालबाह्य झाला, पेजेचं पाणी आजही जुलाबाच्या रोग्याला देतात. ऑर्तानं दोन्ही टिपलं म्हणून आज आपल्याला दोन्हींची पारख करता येते.

पुस्तक कोणत्या भाषेत काढायचं हाही प्रश्न होता. विद्वानांची भाषा लॅटिन. ऑर्तानं आधी लॅटिनमध्येच लिहिलं होतं, पण इथं राहणाऱ्या अधिकाधिक लोकांना वाचता यावं म्हणून त्यानं पोर्तुगीज निवडली. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. छपाईत चुका इतक्या राहिल्या की शेवटी पानंच्या पानं शुद्धिपत्र जोडावं लागलं. याच पुस्तकात लुईश द कामोइंश या पोर्तुगालच्या महाकवीची कविता पहिल्यांदा छापली गेली.

मुखपृष्ठावर मात्र आणखी एक नाव आहे, ते गोव्याच्या इन्क्विझिशनच्या न्यायाधीशाचं. त्याच्या नजरेखालून गेल्यावरच पुस्तक निघालं. हे धर्मन्यायालय १५६० मध्ये गोव्यात आलं होतं. ऑर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये खुद्द ऑर्ताची हाडं उकरून जाळली.

पुस्तक तोवर युरोपात पोचलं होतं. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाला पोर्तुगालच्या प्रवासात ते सापडलं आणि १५६७ मध्ये अँटवर्पहून त्यानं त्याचा लॅटिन सारांश चित्रांसह काढला. युरोपनं ऑर्ताला वाचलं ते प्रामुख्यानं या सारांशातून. पण क्लुसियसनं संवादाचा साचा काढून टाकला आणि त्याबरोबर रुआनोचे प्रश्न, आंतोनियाची लगबग, दारात आलेले आंबे हे सगळं गळून पडलं. मजकूर नेटका झाला, पण हे ज्ञान कोणत्या घरात, कोणाच्या हातून आलं हे दिसेनासं झालं.

शंभराहून अधिक वर्षांनी कोचीनच्या डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीडनं मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ काढला. त्यात इट्टी अच्युतन या केरळी वैद्याचं आणि रंग भट, विनायक पंडित, अपू भट या तीन कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र त्यांच्या नावांसह छापलेलं आहे. आंतोनियाच्या वाट्याला न आलेला मान त्यांना मिळाला, कारण ग्रंथकर्त्यानं तसं ठरवलं.

या दोन ग्रंथांकडून आज मराठीत वैद्यकावर आणि आरोग्यावर लिहिणाऱ्यांनी तीन गोष्टी घ्याव्यात. पाहिलेलं आणि ऐकीव यांत फरक करावा. आपल्या वाचकाच्या भाषेत लिहावं. आणि ज्या आशाताईनं, सुईणीनं, वैदूनं किंवा रोग्यानं माहिती दिली, त्यांची परवानगी असेल तर त्यांचं नाव पुस्तकात आवर्जून छापावं. शास्त्रीय ग्रंथाचा खरेपणा त्यानं वाढतो, उणावत नाही.