निळसर भिंती, गेरूचा पट्टा

आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूर-महाड भागातल्या जुन्या घरांचा निळसर पांढरा रंग डब्यातला नव्हे. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, फडक्यातून गाळायचा, त्यात कपड्यांची नीळ मिसळायची. अंगाला लागू नये म्हणून थोडा सरस किंवा डिंक. पिवडी घातली की भिंत पिवळी. तळाशी गेरूचा पट्टा, म्हणजे पावसाच्या शिंतोड्यांचे डाग दिसत नाहीत.

ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो, पण भिंतीतला ओलावा अडवत नाही. कोकणच्या पावसात हाच त्याचा मोठा गुण. तैलरंग अशा ओल्या भिंतीवर फुगतो, पोपडे धरतो. नीळही टिकते, कारण चुन्याच्या तिखट क्षाराने ती मरत नाही. हे गणित रसायनशास्त्र न शिकलेल्या हातांनी पक्के केले होते.

डब्यातल्या रंगांचा काळ नंतर आला. १९४२ मध्ये मुंबईत एशियन पेंट्स ही रंगांची कंपनी सुरू झाली. १९५४ मध्ये व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी तिच्या जाहिरातींसाठी कुंचा घेतलेला खट्याळ मुलगा, गट्टू, काढला. पुढे डिस्टेंपर घरोघर आले. गणपतीआधी भिंतींना चुना लावण्याची फेरी मात्र लगेच थांबली नाही.