तीन किल्ल्यांची पेटी

वसई असो, गोवा असो की मुंबई, चर्चमध्ये शिरताना दाराजवळ गरिबांसाठीची पेटी दिसते. वर नाणी-नोटांपुरती फट, पुढं कुलूप. दयेची खूण म्हणून आपण तिच्याकडं बघतो. पण तिचं कूळ शोधत मागं गेलं, की पहिल्या पिढीतच याजकांवरचा अविश्वास भेटतो.

ही गोष्ट जुन्या करारातल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. काळ इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकाचा, राजा यहूदाचा योवाश. मंदिराच्या डागडुजीसाठी लोक पैसे देत आणि याजक ते घेत. पण योवाशच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष लागलं तरी मंदिराची भगदाडं बुजलेली नव्हती. राजानं याजकांना बोलावून जाब विचारला. मग यहोयादा याजकानं एक पेटी आणली, तिच्या झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटीत पैसे साठले की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून मोजत. देवाच्या नावाचा पैसा एकट्यानं मोजायचा नाही, हा दंडक पेटीइतकाच जुना आहे.

ही पेटी इमारतीसाठी होती, गरिबांसाठी नव्हे. पुढं यरुशलेमच्या दुसऱ्या मंदिरात तुतारीच्या आकाराच्या तेरा दानपेट्या होत्या. शुभवर्तमानातल्या गरीब विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, बहुधा अशाच एखाद्या पेटीत पडल्या. पण मिश्ना या यहुदी ग्रंथात त्याच मंदिरातल्या आणखी एका दालनाचा उल्लेख येतो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. भाविक तिथं गुपचूप दान ठेवून जात आणि चांगल्या घरातली, पण हलाखीत आलेली माणसं त्यातून गुपचूप आधार घेत. देणाऱ्याचं नाव नाही, घेणाऱ्याची मान खाली नाही.

सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांकडं सांभाळायला मंदिरच नव्हतं, त्यामुळं पेटीचा पैसा माणसांवर खर्च होई. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन इ.स. १९७च्या सुमारास सांगतो, की प्रत्येक जण महिन्यातून एकदा ऐपतीप्रमाणं देतो, सक्ती कुणावर नाही. पैसा जातो तो गरिबांच्या जेवणावर आणि दफनावर, अनाथ मुलांवर, म्हाताऱ्या दासांवर, जहाज फुटून देशोधडीला लागलेल्यांवर, श्रद्धेपायी खाणीत आणि तुरुंगात खितपणाऱ्यांवर. २५१ साली रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात लिहितो, की आपली मंडळी दीड हजारांहून अधिक विधवा आणि गरजूंना पोसते. छळाच्या काळातल्या मंडळीचा हा हिशेब आहे.

यामागं मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातला शेवटचा न्याय होता. त्या न्यायासनापुढं भुकेल्याला अन्न दिलंस का, परक्याला घरात घेतलंस का, उघड्याला वस्त्र दिलंस का, तुरुंगात भेटायला गेलास का, एवढंच विचारलं जातं. देऊळ किती उंच बांधलंस, हा प्रश्न त्यात नाही. पेटी म्हणजे त्या प्रश्नपत्रिकेची रोजची तयारी होती.

२५८ साली, व्हॅलेरियन बादशहाच्या छळात, रोमच्या लॉरेन्स या डीकनकडं चर्चचा खजिना मागण्यात आला. आख्यायिका अशी, की त्यानं मुदत मागितली आणि गरिबांची रांग उभी करून सांगितलं, हाच आमचा खजिना. आख्यायिका नोंदवणारा मिलानचा बिशप अँब्रोझ नुसता सांगून थांबला नाही. ३७८ साली एड्रियानोपलच्या लढाईत रोमन सैन्याचा धुव्वा उडाला आणि गॉथांनी असंख्य माणसं पकडून नेली, तेव्हा त्यानं चर्चची सोन्या-चांदीची पवित्र पात्रं वितळवून कैदी सोडवले. विरोधकांनी ओरड केली. त्याचं उत्तर असं होतं, की चर्चला सोनं मिळालं ते साठवायला नव्हे, खर्चायला.

मग संपत्ती वाढली. ४९४ साली पोप जिलेशियस यानं चर्चच्या उत्पन्नाचे चार वाटे सांगितले: बिशप, पाद्री, इमारती आणि गरीब. कागदावर हा न्याय चोख आहे. पण चारही वाटे करणारा हात बिशपचा, आणि पुढच्या शतकांत दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा चर्चला द्यायचा दहावा हिस्सा, मठांकडं आणि सरदारांकडं वळत गेला, तसा गरिबांचा चौथा वाटा सर्वांत आधी आटला.

किल्ल्यांची व्यवस्था ठळकपणे पुढं येते ती ११९९ साली. पोप इनोसंट तिसरा यानं प्रत्येक चर्चमध्ये तीन किल्ल्यांची पेटी ठेवायचा हुकूम काढला. एक किल्ली बिशपकडं, एक पाद्र्याकडं, एक गावातल्या भाविक गृहस्थाकडं. कुलपाची रचना उत्तम होती, पैसा मात्र धर्मयुद्धासाठी होता. या कुळातली ही पिढी मला सर्वांत दुःखाची वाटते.

१५२३ साली जर्मनीतल्या लाइसनिग गावानं सामाईक पेटी बनवली आणि मार्टिन लूथरनं तिच्या नियमावलीला प्रस्तावना लिहिली. पेटीला चार निराळी कुलपं होती: एक किल्ली सरदारांची, एक नगरपरिषदेची, एक गावकऱ्यांची आणि एक शेतकऱ्यांची. दहा कारभाऱ्यांत तिघं शेतकरी. नांगर धरणाऱ्याच्या हाती धर्मादायाची किल्ली! पण नगरपरिषदेनं जुन्या देणग्यांवरचा ताबा सोडला नाही आणि योजना रखडली. इंग्लंडात सहाव्या एडवर्डच्या नावानं १५४७ साली प्रत्येक पॅरिशला गरिबांसाठी तीन किल्ल्यांची भक्कम पेटी सक्तीची झाली. त्याच वर्षी कायदा करून धार्मिक संघांच्या देणग्या सरकारजमा होऊ लागल्या, आणि त्यांतल्या कितीतरी देणग्यांतून गरिबांना मदत मिळत होती.

आपल्याकडं ही परंपरा पोर्तुगिजांबरोबर आली. लिस्बनमध्ये १४९८ साली राणी लिओनोरच्या आश्रयानं ‘मिझेरिकॉर्डिया’ हा गृहस्थांचा दयासंघ स्थापन झाला आणि सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो गोव्यातही उभा राहिला. मुख्यतः मत्तयच्या त्याच अध्यायातली दयाकृत्यं ही त्याची घटना; कामं अशी: कैद्यांना अन्न, अनाथ मुलींना आसरा, बेवारशांना दफन. पण हे लिहिताना दुसरी बाजू गाळता येत नाही. १५४०च्या सुमारास गोव्याच्या तिसवाडीतली देवळं पाडली गेली आणि त्यांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चच्या संस्थांकडं वळवलं गेलं. १५६० साली गोवा शहरातच इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेची झडती घेणारं धर्मन्यायालय, बसलं. एका गल्लीत माणसाला तुरुंगात जेवण पोचवणारा संघ, दुसरीकडं माणसाला त्याच्या श्रद्धेपायी तुरुंगात घालणारं न्यायालय. ज्या न्यायासनाचा धाक दोन्ही संस्था सांगत होत्या, त्याच्यापुढं यांतल्या एकीलाच उत्तर देता आलं असतं.

आजच्या कॅथलिक धर्मसंहितेत, म्हणजे १९८३च्या संहितेत, पेटीशी नातं सांगणारी दोन कलमं आहेत. १२६७व्या कलमाप्रमाणं ज्या कारणासाठी दान दिलं त्याच कारणासाठी ते वापरायचं. १२८७व्या कलमाप्रमाणं भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब कारभाऱ्यांनी भाविकांना द्यायचा. चर्च असो वा देऊळ, महाराष्ट्रात सार्वजनिक धर्मादाय संस्थांना १९५०च्या कायद्यानं हिशेबाचं बंधनही आहे. म्हणून या रविवारी पेटीत काही टाकाल, तेव्हा गेल्या वर्षी गरिबांच्या पेटीत किती जमलं आणि ते कुणापर्यंत पोचलं, हे चर्चच्या अर्थसमितीला विचारा. हिशेब फलकावर लावायला सांगा. आणि किल्ली धरणाऱ्यांत वस्तीतलं एखादं गरीब माणूस आहे का, हेही विचारा.