पन्हाळ्याचीं कोठारें आणि अंधारबाव



पन्हाळगडाचें नांव निघतांच आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते ती जुलै १६६० मधील पावसाळी रात्र, राजदिंडीची वाट आणि बाजीप्रभूंची खिंड. ती कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. मला आज तिच्या आधींच्या चार महिन्यांविषयीं बोलावयाचें आहे. त्या वर्षीं मार्च महिन्यांत शिवाजीमहाराज गडावर आले आणि सिद्दी जौहरानें गडास वेढा घातला. तेव्हांपासून गडावरील माणसें खात काय होतीं आणि पीत काय होतीं? शौर्याच्या कथेंत हा प्रश्न सहसा येत नाहीं. मुलांची सहल घेऊन गड चढणाऱ्या मास्तरास मात्र तो अटळपणें पडतो, कारण दुपारीं बारा वाजले कीं पहिली हांक येते ती पाण्याची आणि दुसरी शिदोरीची.

पन्हाळ्याचा पाऊस ज्यानें अनुभवला आहे त्याला तेथें धान्य साठविणें किती कठीण असेल हें सांगावयास नको. आठआठ दिवस सूर्यदर्शन होत नाहीं, कपडे वाळत नाहींत, भिंतींस ओल धरते. अशा ठिकाणीं बालेकिल्ल्यांत अंबारखान्याचीं तीन कोठारें उभीं आहेत. गंगा, यमुना आणि सरस्वती अशीं त्यांचीं नांवें. गंगा कोठी सर्वांत मोठी, सुमारें ३५ फूट उंच. तींत २५,००० खंडी धान्य मावत असे, असें सांगतात. भिंती जाड, वर कमानदार छत, आणि इमारतीच्या बाहेरून छतावर चढण्यास पायऱ्या. या पायऱ्या पाहून पुष्कळ प्रवासी त्या देखाव्यासाठीं असतील असें समजतात. खरी गोष्ट निराळी आहे. छताच्या प्रत्येक खणास वरून एक छिद्र ठेवलेलें आहे; हमालानें पोतें पाठीवर घेऊन वर जावें, धान्य त्या छिद्रांतून ओतावें, आणि काढावयाचें तेव्हां खालच्या दारानें काढावें, अशी ती योजना. म्हणजे जुनें धान्य साहजिकच आधीं हातास येतें. गंगा कोठीच्या पूर्वेकडील दारावर विजापुरी धाटणीचें गिलाव्याचें सुंदर काम आहे. पण तें पाहून माघारीं फिरणाऱ्यानें ती इमारत अर्धीच पाहिली असें मी म्हणेन.

जवळच धर्मकोठी आहे. गरजूंस धान्य वाटण्याची ही जागा. एवढ्या लष्करी ठिकाणीं, बालेकिल्ल्याच्या सान्निध्यांत, दानधर्मासाठीं स्वतंत्र दगडी इमारत असावी, ही गोष्ट मला कोणत्याही बुरुजाहून मोठी वाटते.

पाण्याची सोय याहूनही चतुर. तीन दरवाजाजवळची अंधारबाव बाहेरून पाहिली तर ती विहीर आहे असें वाटणारच नाहीं. ती तीन मजली इमारत आहे. नागमोडी जिन्यानें खालीं उतरावें तेव्हां तळाशीं पाणी. वरच्या भागांत पहाऱ्याच्या शिपायांसाठीं भिंतींत कोनाडे. आणि तटाबाहेर निसटण्यास वाट. शत्रूनें पाण्यांत विष कालवूं नये म्हणून विहिरीवर घर चढविलें, आणि घरांत पहारा बसविला.

हें ज्ञान केवळ गवंड्यांच्या हातांत राहिलें नाहीं. कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठीं रामचंद्रपंत अमात्यांनीं १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या 'आज्ञापत्रां'त दुर्गांचें स्वतंत्र प्रकरण आहे. त्या वेळीं पन्हाळा या राज्याची राजधानी होता, आणि १७८२ पर्यंत तो मान त्याच्याकडेच राहिला. अमात्य सांगतात कीं, आधीं पाणी पाहावें आणि मग किल्ला बांधावा. एक झरा आहे म्हणून निश्चिंत राहूं नये, टाकीं आणि तळीं वेगळीं राखावींत. दारूखाना वस्तीजवळ नसावा. धान्याच्या जागेस आग, उंदीर, मुंगी, वाळवी यांचा उपसर्ग पोहोंचूं नये. आणि राजमंदिराखेरीज गडावर थोर इमारत उठवूं नये. मुंगीची काळजी करणारा हा मुत्सद्दी तटबंदीचीही तितकीच करतो. दोहोंत त्याला उच्चनीच दिसत नाहीं.

याच्या जोडीस मी पाटण्याचें गोलघर ठेवतों. १७६९-७० च्या बंगालच्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारनें १७८६ मध्यें तें बांधविलें. तेथेंही बाहेरून चढणाऱ्या पायऱ्या आहेत आणि शिखरावरील भोंकांतून धान्य ओतण्याची युक्ति आहे. परंतु त्याचीं दारें आंतल्या बाजूस उघडतात, म्हणून कोठार भरलें तर तीं उघडावयाचीं कशीं, असा विनोद लोक अजून करतात. तें कधीं पूर्ण भरलेंही नाहीं. आकार भव्य, पण धान्य काढणाराचा विचार करावयास कारागीर विसरला.

पन्हाळा हा आजही नांदता गड आहे. येथें घरें आहेत, शाळा आहेत, नगरपरिषद आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत गडाचा मुख्य रस्ता खचला आणि वाहनांची ये-जा थांबली, तेव्हां इतिहासांतील वेढ्याचा थोडासा अर्थ रहिवाशांस उमगला असेल. पुढें जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यांत पन्हाळाही आहे. या सन्मानाच्या चर्चेबरोबरच आपल्या घरांचें काय होईल, दुरुस्ती तरी करूं देतील का, अशी शंका गडावरील कुटुंबांच्या मनांत आली, आणि ती मला रास्त वाटते. गंगा कोठी ज्यांच्यासाठीं बांधली ते खाणारे लोकच उठून गेले, तर उरेल तो दगडांचा ढीग. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. घर असो वा प्रवाशांसाठीं विश्रामगृह असो, उतरत्या छपराविना, पागोळ्यांचें पाणी कोठें जाईल याचा विचार न करतां, कड्यालगत पाया खणून बांधलें, तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच त्याची परीक्षा होते. आणि तेथून निसटलेलें पाणी शेजाऱ्याच्या भिंतींत मुरतें. नवीन नियम करावयाचे असतील ते करणाऱ्या अधिकाऱ्यांनीं आणि गडावरच्या वडीलधाऱ्या मंडळींनीं एकत्र बसून अमात्यांचें तें प्रकरण एकदां वाचावें. बसण्यास धर्मकोठीचें आवार पुष्कळ आहे.