निजामाचा बॅरिस्टर आणि आमचा बॅरिस्टर

निवडणूक जवळ आली की राजकीय सल्लागारांचे पेव फुटते. सर्व्हे, वॉर रूम, घोषणा, जातनिहाय आकडेमोड. निकाल लागला की तोच माणूस दुसऱ्या पक्षाच्या दारात उभा. आता आमच्यातले तरुणही विचारू लागले आहेत, 'आपल्या चळवळीला असा एखादा सल्लागार का नको?' प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देण्याआधी आपल्याच मुलखाचा इतिहास पाहू.

गणपतीसाठी प्रसिद्ध असलेले राजूर आज जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात आहे. जालना जिल्हा झाला 1981 साली. त्याआधी हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. भोकरदन तालुका ओलांडला की बुलढाणा, म्हणजे वऱ्हाड. तिथे कारभार इंग्रजांचा. 15 ऑगस्ट 1947 ला बुलढाण्याचा माणूस स्वतंत्र भारतात आला, राजूरचा मात्र निजामाची रयतच राहिला. एका दिवसाच्या पायपिटीच्या अंतरात दोन देश झाले.

हे दोन देश वेगळेच राहावेत, निदान निजामाचे स्थान अबाधित राहावे, यासाठी कायद्याची बाजू लढवणारा माणूस ना मराठवाड्याचा होता, ना हिंदुस्थानचा. तो होता लंडनचा बॅरिस्टर सर वॉल्टर मॉंक्टन. 1936 साली राजे आठवे एडवर्ड यांनी सिंहासन सोडले, तेव्हा राजवाडा आणि पंतप्रधान बाल्डविन यांच्यात मध्यस्थी करणारा हाच माणूस. युद्धकाळात तो ब्रिटिश माहिती खात्यात मोठ्या पदावर होता. निजामाला तो 1930 च्या दशकापासून घटनात्मक सल्ला देत होता. एक पाय लंडनमध्ये, एक हैदराबादेत. माउंटबॅटनशी जुनी मैत्री, चर्चिलच्या पक्षात ऊठबस. आजच्या भाषेत सांगायचे तर दोन देशांत काम करणारा अव्वल दर्जाचा पॉलिटिकल कन्सल्टंट.

माणूस हुशार होता, यात वाद नाही. इंग्रज गेले की संस्थानांवरची त्यांची सार्वभौम सत्ता संपते, ती भारताकडे जात नाही, या ब्रिटिश सरकारच्या भूमिकेवर निजामाची सगळी बाजू उभी होती. मॉंक्टनला मात्र वास्तवही दिसत होते. भारताशी समझोता करा, असेच तो निजामाला सांगत राहिला. पण ऑक्टोबर 1947 मध्ये रझाकारांच्या जमावाने त्याच्याच घराला वेढा घातला आणि शिष्टमंडळाला दिल्लीला जाऊ दिले नाही. पुढे नव्या शिष्टमंडळाने जवळजवळ तोच मसुदा स्वीकारला आणि 29 नोव्हेंबर 1947 ला 'जैसे थे करार' झाला. 1948 मध्ये मॉंक्टन पुन्हा वाटाघाटीला आला. जूनमध्ये तयार झालेला शेवटचा मसुदाही निजामाने फेटाळला आणि सल्लागार मायदेशी परतला.

मित्रांनो, त्या कराराचे नाव नीट वाचा. जैसे थे! संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण, सगळे वर्षभर होते तसेच राहील. राजवाड्याला 'जैसे थे' म्हणजे सुरक्षितता. गावकुसाबाहेर 'जैसे थे' म्हणजे वेठबिगार, वेगळा पाणवठा आणि हातात एक गुंठाही जमीन नाही. सल्लागाराने अशिलाचे काम चोख केले. आमचा प्रश्न त्याच्या कागदावर आलाच नाही, कारण आम्ही त्याचे अशील नव्हतो.

मग आमचा सल्लागार कोण होता? योगायोग पाहा, तोही 1891 सालीच जन्मला आणि तोही लंडनमध्येच बॅरिस्टर झाला. 17 जून 1947 रोजी बाबासाहेबांनी निवेदन काढून संस्थानांच्या स्वातंत्र्याचा दावा कायद्याच्या कसोटीवर खोडून काढला. संयुक्त राष्ट्रसंघ मान्यता देईल, संरक्षण देईल, या भ्रमात राहू नका, असेही बजावले. नोव्हेंबर 1947 च्या अखेरीस, म्हणजे जैसे थे करार झाला त्याच आठवड्यात, त्यांनी हैदराबादच्या अस्पृश्य जनतेला जाहीरपणे सांगितले की निजामाची बाजू घेऊ नका. हा सल्ला बंद दाराआड दिला नव्हता आणि त्याची फी नव्हती. त्याच्यामागे 30 डिसेंबर 1938 ला भाऊसाहेब मोरे यांनी कन्नड तालुक्यात भरवलेल्या मक्रणपूर परिषदेपासूनचे नाते होते.

इथे एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. औरंगाबादेत जन्मलेले बी. श्यामसुंदर 1948 साली हैदराबादच्या शिष्टमंडळातून संयुक्त राष्ट्रसंघात गेले. त्यांना गद्दार ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण आम्हाला ते मान्य नाही. काँग्रेसच्या राज्यात सवर्णांचीच सत्ता येईल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. पुढे 1968 मध्ये त्यांनीच भीमसेना उभारली. चूक होती ती भीतीत नव्हे, निजामाच्या आसऱ्यात. बाबासाहेबांनाही सवर्ण सत्तेचा धोका कळत होता. म्हणून तर त्यांनी राजाच्या मर्जीऐवजी संविधानातल्या हक्कांवर भिस्त ठेवली.

13 ते 17 सप्टेंबर 1948 या पाच दिवसांत निजामशाही कोसळली. त्यानंतर मराठवाड्यात निरपराध मुसलमानांवर झालेले अत्याचार सुंदरलाल समितीने नोंदवले आहेत, तेही विसरता कामा नये. राजे भांडतात, सल्लागार मसुदे लिहितात आणि किंमत गरीब मोजतो.

पुढे काय झाले? मॉंक्टन 1951 मध्ये ब्रिटनचा मजूरमंत्री झाला, नंतर संरक्षणमंत्री, नंतर व्हायकाउंट. 1960 साली मध्य आफ्रिकेतल्या वसाहतींच्या भवितव्यासाठी नेमलेल्या आयोगाचा तो अध्यक्ष होता आणि तिथल्या आफ्रिकी राष्ट्रवादी पक्षांनी त्या आयोगावर बहिष्कार टाकला. अशील पराभूत झाला तरी सल्लागाराची कारकीर्द चालू राहते. बाबासाहेबांनी मात्र 1950 मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद. 1953 मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनने याच मराठवाड्यात पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केला. भूमिहीनांचा तो प्रश्न कुठल्याही वाटाघाटीच्या टेबलावर आला नव्हता, तो आमच्या माणसांनी तुरुंगात जाऊन मांडला.

आम्ही तंत्राच्या विरोधात नाही. आकडे हवेत, अभ्यास हवा, कायदा जाणणारी माणसे तर हवीतच. पण उद्या तुमच्या वस्तीत कोणी लॅपटॉप घेऊन आला तर त्याला विचारा: तुझी फी कोण देतो? आम्हाला दिलेला सल्ला तू चारचौघांत बोलून दाखवशील का? आणि आम्ही हरलो तर दुसऱ्या दिवशी तू कुठे असशील? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर समजा की त्याचा अशील दुसराच कोणी आहे आणि करार पुन्हा 'जैसे थे'चाच आहे.

जयभीम!