वाट आणि वहिवाट

रस्ता बांधावा लागतो, वाट पडते. मराठीतला हा भेद आपण रोज वापरतो, पण त्यामागे एक इतिहास आहे हे विसरतो. ‘वहिवाट’ या शब्दातून तर वाटेचा ध्वनी थेट कायद्याच्या भाषेपर्यंत पोचला आहे. दीर्घकाळच्या वापराने जो हक्क सांगता येतो, ती वहिवाट. मग जेथे घरांसाठी नवे प्लॉट पाडले जातात, तेथे ही वहिवाट कोणाची मानायची, आणि वाट हलवायची झाल्यास कोणाला विचारायचे? गोदाकाठच्या पुणतांब्याच्या निमित्ताने या प्रश्नाचा मागोवा घ्यावा, असे आम्हांला वाटते.

पुणतांबा हे अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातले गाव. चांगदेवांचे समाधिमंदिर, अहिल्याबाई होळकरांनी बांधविलेला घाट आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरचे स्थानक ही त्याची जुनी ओळख. अशा गावातल्या वाटा केवळ शेताकडे जात नाहीत. कोणी स्नानाला नदीवर जातो, कोणी देवदर्शनाला, कोणी गाडी गाठायला, कोणी मजुरीला. आणि ज्याला जिकडे जायचे तिकडे त्याची वाट पडते. गोदातीराच्या वाटांना मराठी वाङ्मयातही जुने स्थान आहे. चक्रधरस्वामींच्या वास्तव्याच्या जागा नोंदविणारी महानुभावांची ‘स्थानपोथी’ साधारण चौदाव्या शतकातली मानली जाते. कोणते स्थान कोणत्या देवळाच्या कोणत्या दिशेस आहे, हे ती बारकाईने सांगते. चालणाऱ्याने चालणाऱ्यासाठी लिहिलेला हा भूगोल आहे. त्यात जमीन कोणाच्या नावावर आहे यापेक्षा तिथे पोचायचे कसे, याला मोल आहे.

एकोणिसाव्या शतकात हा भूगोल मोजणीदाराच्या हाती गेला. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यापासून सुरू केलेल्या मोजणीची पद्धत पुढे दख्खनभर पसरली. तिचा हेतू सारा ठरविण्याचा होता; वाटा नकाशावर आल्या त्या ओघाने. गावनकाशात एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट, असे शासकीय परिपत्रके सांगतात. ज्या वाटा या रेघांत आल्या नाहीत, त्या बांधाबांधाने तशाच चालू राहिल्या. त्यांना आधार उरला तो वहिवाटीचा.

कायद्याने हा आधार मान्य केला, परंतु अर्धाच. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली वाट अडविणाऱ्याविरुद्ध सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. पण ती वाट शेतीच्या किंवा चराईच्या जमिनीकडे जाणारी असावी लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये तहसीलदार बांधावरून वाटेचा हक्क ठरवून देतो. पण तो मागायचा जमीनधारकाने, आणि निकष शेतकऱ्याच्या गरजेचा. उलट कलम २१ प्रमाणे सार्वजनिक वाट बंद करायची असेल तर तसे जाहीर करून लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. म्हणजे कायद्याला दोन वाटसरू ठाऊक आहेत: नोंदलेल्या वाटेवरचा नागरिक आणि बांधावरचा खातेदार. नोंद नसलेल्या वाटेने जाणारा भूमिहीन मजूर या दोहोंच्या मधल्या फटीत पडतो.

घरे उभी राहू लागली की ही फट रुंदावते. महसूल संहितेत पुढे घातलेल्या कलम ४२-ड ने गावठाणापासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीचा निवासी वापर सुकर केला. घरांची गरज खरीच आहे, आणि गावठाणे शतकापूर्वीच्या वस्तीला पुरतील एवढीच आखलेली आहेत. परंतु गावातून निघालेल्या साऱ्या वाटा याच २०० मीटरच्या पट्ट्यातून बाहेर पडतात. शेत निवासी झाले की ‘शेताकडे जाणारी वाट’ हे वर्णनच गळून पडते, आणि त्याबरोबर दाद मागण्याचा आधारही. रेखांकनात नवे काटकोनी रस्ते असतात, जुन्या पायवाटेहून रुंदही असतात. मात्र ते प्लॉटपाशी नेण्यासाठी आखलेले असतात. पलीकडच्या वस्तीला नदीवर पोचविणे हे त्यांचे काम नसते. वाट हलविली असे कोणी म्हणत नाही, कारण ती होती असे कागदावर कुठेच नसते.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे जॉन क्लेअर आठवेल. त्याच्या हेल्पस्टन गावाची सामायिक जमीन कुंपणात घालण्याचा कायदा १८०९ मध्ये झाला, आणि बंद झालेल्या पायवाटांचे दुःख त्याच्या कवितेत उतरले. क्लेअर शेतमजुराचा मुलगा होता, हे येथे महत्त्वाचे. जमिनीच्या मालकाला वाट गेल्याने गैरसोय होते. ज्याच्याकडे वाटेखेरीज काहीच नाही, त्याचे मात्र गावच हिरावले जाते. इंग्लंडने १९४९ च्या कायद्याने पायवाटांचे अधिकृत नकाशे करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. घरांसाठी पायवाट वळवायची तर आज तेथे रीतसर आदेश काढावा लागतो आणि त्याची सूचना वाटेच्या दोन्ही टोकांना लावावी लागते. तेवढ्याने प्रत्येक वाट वाचते असे नाही. पण हरकत घेणाऱ्याला सातबारा दाखवावा लागत नाही.

आपल्याकडे अशी सूचना कोठे लागावी? आमच्या मते ग्रामसभेत. पुणतांब्याच्या ग्रामसभेने एप्रिल २०१७ मध्ये संपाचा ठराव केला, आणि १ जूनपासून सुरू झालेल्या शेतकरी संपाने सारे राज्य ढवळून काढले. गावाचा ठराव किती दूर जाऊ शकतो, हे या गावाला वेगळे सांगायला नको. तेव्हा गावठाणालगतचे कोणतेही रेखांकन मंजूर होण्याआधी त्या जमिनीवरून कोण कोठे जाते, हे ग्रामसभेपुढे मांडले जावे. बोलण्याचा मान खातेदाराइतकाच मजुराला आणि नदीवर जाणाऱ्या बाईला मिळावा. आणि ठरलेली वाट नकाशावर रेघ होऊन उमटावी. वाट थोडी वळली तर बिघडत नाही, वाटा नेहमीच वळत आल्या आहेत. ती वळविताना तिच्यावरून चालणाऱ्याला विचारले गेले पाहिजे, इतकेच.