वाफसा गेला, छत्तीस तास उरले

आधी एक कबुली. यातलं वादळ खरं आहे, तारखाही खऱ्या. टोमॅटोचा वाफा मात्र मानलेला आहे: डहाणूजवळ आगरात, चिकूच्या वाडीला लागून, खोलगट कोपऱ्यातल्या भारी मातीत. पाण्यात उभ्या असलेल्या रोपाच्या आत काय चालतं, हे प्रयोगशाळांनी गेल्या पन्नासेक वर्षांत शोधून काढलं. ते मी या वाफ्यात आणून लावलंय.

4 डिसेंबर 2017, सोमवार, संध्याकाळ. 42 तास बाकी.

ओखी चक्रीवादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे सरकतंय. उत्तर कोकणात अवेळी पाऊस सुरू झालाय. कालच दत्तजयंती झाली, म्हणजे पौर्णिमा, म्हणजे खाडीला उधाण. रोपं फुलावर आलेली आहेत आणि मातीला अजून वाफसा आहे. मातीच्या कणांमधल्या फटींत थोडं पाणी आणि थोडी हवा एकाच वेळी असणं, एवढा सगळा अर्थ या तीन अक्षरांत बसतो. शेतकरी मूठभर माती दाबून वाफसा पाहतो. टोमॅटोचं मूळही तो पाहतं, पण त्याची रीत वेगळी.

मध्यरात्र. 36 तास बाकी.

पौर्णिमेच्या आसपास या किनाऱ्यावर दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास भरती असते. खाडी फुगली की वाडीतल्या चराचं पाणी बाहेर पडायचं कुठे? सऱ्या भरल्या, वाफ्यावर पाणी आलं. वाफसा गेला. रोपाचं घड्याळ इथून सुरू होतं, पाऊस सुरू झाला तेव्हापासून नव्हे.

5 डिसेंबर, पहाटे. 31 तास बाकी.

ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू पाण्यात पसरतो. मातीत उरलेला ऑक्सिजन मुळं आणि जिवाणू मिळून काही तासांत संपवतात. एका ग्लुकोजमागे तीसेक एटीपी, म्हणजे ऊर्जेची नाणी, कमावणारी मुळाची पेशी आता आंबवण्यावर येते आणि तिच्या हाती दोन एटीपी पडतात.

पण पेशीला हे कळतं कसं? याचं उत्तर 2011 साली दोन संशोधकगटांनी, मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडॉप्सिस या चिमुकल्या झाडावर काम करून दिलं. ईआरएफ या कुळातल्या सातव्या गटाची प्रथिनं पेशीत सतत तयार होतात आणि ऑक्सिजन असेपर्यंत सतत मोडीतही निघतात. त्यांच्या टोकाशी सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं. ऑक्सिजन त्याला चिकटला की त्या प्रथिनावर जणू ‘मोडीत काढा’ असा शिक्का बसतो. ऑक्सिजन संपला की शिक्का मारणाराच गायब. मग ही प्रथिनं साठतात, केंद्रकात जातात आणि आंबवणाऱ्या विकरांची जनुकं चालू करतात. वाफसा गेल्याची वर्दी म्हणजे मोडीत न निघालेलं एक प्रथिन! टोमॅटोतही या गटाची जनुकं आहेत. भाताला पुरात दोन आठवड्यांपर्यंत तगवणारं, 2006 साली हाती लागलेलं सब1ए जनुकही याच गटातलं.

सकाळ. 28 तास बाकी.

पालघर जिल्ह्यातल्या शाळांना आज सुट्टी आहे. मुळात मात्र कामाची घाई. एसीसी नावाचा पदार्थ बनवणारी जनुकं जागी झालीत. त्यातलं एसीएस7 पाणी साचताच मुळात झटपट चालू होतं, हे 1998 साली दाखवलं गेलं. एसीसी म्हणजे इथिलीनचा कच्चा माल. तेच इथिलीन, ज्याने केळी पिकवतात. पण एसीसीचं इथिलीन करणाऱ्या विकराला ऑक्सिजन लागतो आणि मुळापाशी तोच नाही. माल तयार, भट्टी बंद.

दुपार. 24 तास बाकी.

पुन्हा भरती. साचलेला एसीसी पाण्याच्या नळ्यांतून खोडात चढतो. वर हवा आहे, भट्टी पेटते. ब्रॅडफर्ड आणि यांग या संशोधकांनी हा प्रवास 1980 साली टोमॅटोतच पकडला: आधी रसात एसीसी वाढतो, मग वर इथिलीन, मग पानांची हालचाल. मुळाने पाठवलेली तार पानात उलगडते.

मध्यरात्र. 12 तास बाकी.

पानांचे देठ खाली वळलेत. बॅटरी घेऊन आलेला माणूस म्हणेल, रोपाने मान टाकली. अजून नाही. देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा जास्त वाढलीय, म्हणून तो वाकलाय. हे कोमेजणं नाही, वाढ आहे.

‘नेव्हर राइप’ नावाचा टोमॅटोचा एक उत्परिवर्तित वाण आहे. इथिलीन ओळखणारं त्याचं एक जनुक बिघडलेलं आहे. त्याची फळं नीट लाल होत नाहीत आणि इथिलीन दिलं तरी त्याचे देठ झुकत नाहीत. मग तसाच वाण लावावा, असं कुणालाही वाटेल. मला मात्र तो मोह फसवा वाटतो. कारण टोमॅटो पाण्यात फार दिवस राहिला तर खोडाच्या तळातून नवी मुळं फोडतो, आणि त्यासाठी ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाच्या जोडीला इथिलीनच लागतं. ‘नेव्हर राइप’ला ती मुळं कमी फुटतात. देठ झुकवणारा आणि नवी मुळं देणारा निरोप एकच. अर्धा ठेवून अर्धा काढता येत नाही. शिवाय ती मुळं फुटायला दिवस लागतात, आणि आपल्याकडे बारा तास आहेत.

6 डिसेंबर, पहाट. 6 तास बाकी.

ओखी विरत विरत, निव्वळ कमी दाबाचं क्षेत्र होऊन, सुरत आणि डहाणूच्या मधे किनाऱ्याला लागतं. बातमी संपली.

दुपार. शून्य.

आपल्या वाफ्यावर ऊन पडतं. पानं पाणी मागतात. उपाशी मुळांच्या पेशी आंबट झाल्यात, पाणी आत घेणारी त्यांची दारं मिटलीत. पायाशी पाणी असून रोप तहानेने कोलमडतं. आता खरोखर मान टाकली. फुलं गळतात. पाणी ओसरल्यावर एकदम परतलेला ऑक्सिजन कमजोर पेशींना वेगळाच डाग देतो. काही रोपं सावरतील, काहींना मर गाठेल.

जनुकशास्त्राने हाती काय दिलं? कॅनडात 2001 साली जिवाणूचं एक जनुक टोमॅटोत घातलं. ते एसीसीच मोडून टाकतं, आणि ती रोपं पाण्यात जास्त टिकली. आपल्या वाडीला जवळचा उपाय तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राचा: पाणी सोसणाऱ्या वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम. वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेनेही अशी कलमं केली आहेत.

पण कलम लावणीच्या आधी करायचं असतं. डिसेंबरात इशारा आला, तर औषधाच्या दुकानात जाऊ नका. भरतीची वेळ बघा, आणि ओहोटी असेपर्यंत फावडं घेऊन चर मोकळा करा.